परतीची पिंपं

नवी दिल्ली,
ता. १४ ऑगस्ट १९५५

तीर्थस्वरूप प्रयागबाईस,
धाकट्या भावाचा, उकंडरावाचा सा. न. वि. वि.

तुझा जवसाच्या चटणीचा डबा सुखरूप पोचला. टपालवाल्यानं तो हातात देण्याआधी दोनदा हुंगला आणि आत काय म्हणून विचारलं. आमच्याकडचं औषध आहे, एकट्यानं जेवणाऱ्यांना देतात, असं सांगितल्यावर त्यानं सहानुभूतीनं सही घेतली.

मी इथे नेमकं करतो काय, असं धनजचे लोक विचारतात आणि तुला सांगता येत नाही, असं तू लिहितेस. मलाही नीट येत नाही, पण प्रयत्न करतो. काही देशांकडे गहू, दूध, यंत्रं, तोफा गरजेपेक्षा जास्त झाल्या आहेत. ते म्हणतात, घ्या. आपलं प्रत्येक सरकारी खातं म्हणतं, आणा. मधे मी बसलो आहे. शेतीखात्यानं मागितलेली जीप उद्या पलटणीत तर दिसणार नाही ना, आणि पलटणीसाठी कोणी काही देऊ केलं तर त्याच्या शेपटाला कसली अट बांधली आहे, हे पाहून सगळ्या खात्यांचं एक टिपण करायचं. दर टिपणाच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: देणाऱ्याला परत काय हवं आहे? गेल्या वर्षी शेजारी देशानं फुकटात हत्यारं घेतल्यापासून हा प्रश्न मी भाजीवालीलाही विचारतो.

वाशीमला शास्त्रीबुवांनी शिकवलं होतं की प्रतिग्रह, म्हणजे दुसऱ्याचं दान घेणं, माणसाचं तप उंदरासारखं कुरतडतं. सरकार मला त्याच विद्येचा पगार देतं. बुवांना मात्र ती शिकवल्याबद्दल तूपभात मिळायचा आणि तो गरम असायचा.

क्वार्टरला खोल्या दोन आहेत. तुझी भावजय गेल्यापासून एकीत मी राहतो आणि दुसरीत तुझे रिकामे डबे. एकावर एक रचून ठेवले आहेत. पाहुणे त्यांना महत्त्वाचे सरकारी कागद समजतात. तसे पाहुणेही फार येत नाहीत.

लोभ आहेच. तो मोजण्याची सोय आमच्या खात्यात नाही, म्हणून टिकून आहे.

तुझा
उकंडराव


धनज,
ता. ५ सप्टेंबर १९५५

चिरंजीव उकंडास प्रयागबाईचे पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

तुह्यं पत्र भेटलं. तुह्यं काम मले आता समजलं. देणारा अन् घेणारा यायच्या मधातला तू अडत्या हायस. जगदेव पाटलाले मी तसंच सांगतलं, तर ते म्हणे, अडत्या होयाले एवढं संस्कृत कायले शिकलं? मी म्हटलं, आमच्या उकंडाले जगावा म्हनून उकिरड्यावर टाकून उचललं होतं तवापासून त्याले घेण्यादेण्याची सवय हाय. लय हसले.

इकडं एक नवल झालं. परदेशातल्या कोण्या संस्थेनं दुधाची भुकटी पाठवली, लेकरायसाठी, फुकट. वाशीमकडच्या गोदामातून तिची पिंपं गाडीत घालून येतात. गावात जागा कोणी देईना, मंग मी आपली ओसरी देली. दिवस निंघाच्या आंधी चूल पेटवतो, गंजात पाणी तापवतो अन् भुकटी घोटतो. गुठळी एक राहू देत नाही. बेचाळीस लेकरं येतात, आपापली वाटी घेऊन. तांड्यावरचेही येतात. तुले मालूम हाय, या घरात लेकराचा आवाज कधी झाला नाही. माह्या मालकायले जाऊन नऊ वर्सं झाली, तवापासून तर माणसाचाही नाही. आता उजाडलं का दारात वाट्या वाजतात.

पिंप सरलं का रिकामं परत पाठवा, असा हुकूम हाय. आता तूच सांग, दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं पाठवावं? पह्यलं पिंप तसंच गेलं तर मले दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मंग आमी बायायनं ठरवलं. चतुराबाईनं तूर आनली, हिरीबाईनं ज्वारी. तांड्यावरच्या जमनाबाईनं तर आरशाच्या टिकल्या लावून रुमाल शिवला, ज्या बाईच्या गाई हायत तिच्यासाठी. मी म्हटलं, गाई सरकारच्या असतीन. तर जमनाबाई म्हणे, सरकार काय सकाळी उठून धारा काढते?

अशी तीन पिंपं भरून गेली. हे चालते ना? तू त्याच खात्यात हायस म्हनून इचारून राह्यली. कळवजो.

दिवाळीले ये. भाऊबीजेचा पाट चार वर्सं झाले रिकामाच मांडतो. येताना माहे डबे आनजो.

माया हाय तशीच हाय, तुह्या येण्यानं वाढली तर वाढन.

तुही बाई
प्रयाग


नवी दिल्ली,
ता. २९ सप्टेंबर १९५५

तीर्थस्वरूप बाईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. घाईत आहे, म्हणून चार ओळी. अडत्या ही पदवी सरकारनं दिलेल्या पदवीपेक्षा नेमकी असल्यामुळे आनंदानं स्वीकारली आहे. जगदेव पाटलांना कळवावं.

भाऊबीजेला येणं या खेपेसही होत नाही. त्याच आठवड्यात काही परदेशी पाहुणे येत आहेत. ते जे देऊ करणार ते घेऊ नये, आणि घेतलं नाही म्हणून त्यांना वाईटही वाटू नये, असं टिपण मला करायचं आहे. हे काम सोयरीक मोडण्याइतकं नाजूक असतं.

तुझं दुधाचं वाचून बरं वाटलं. तुझ्या हातून वावगं काही व्हायचं नाही. चालू दे.

रागावू नकोस, रागावलीस तरी चटणीवर काढू नकोस.

तुझा
उकंडराव


धनज,
ता. २१ नोव्हेंबर १९५५

चिरंजीव उकंडास आशीर्वाद. वि. वि.

भाऊबीज झाली. चंद्राले ओवाळलं. त्याले एवढी कामं असून तो बिचारा दरसाल येते.

दूध बंद झालं. गोदामात आमच्या पिंपायतलं धान्य निंघालं म्हनून दिवाळीच्या आंधी एक साहेब जीप घेऊन आले. कोणाचं नाव मी घेत नाही, त्यायचीही नोकरीच हाय. ओसरीवर खुर्ची मांगतली अन् मले इचारलं, एका पिंपाच्या भुकटीले किती पायल्या ज्वारी घेतली. मी म्हटलं, साहेब, घेतली नाही, देली. ते म्हणे, देली म्हणजे कोणाकडून तरी घेतली असन. चतुराबाई मधात बोलाले गेली तर तिचंही नाव लिहून घेतलं. दोन भरलेली पिंपं होती, त्यायले लाखेचा शिक्का मारून ठेवला. ती ओसरीवरच हायत. मी त्यायच्या बाजूले झाडतो.

गावात कोणी तोंडावर बोलत नाही. पण आडावर गेली का बोलणं थांबते. पाटील म्हणे, भाऊ दिल्लीत हाय, त्याले लिहा. मी लिहिणार नव्हती. तुले इचारलं होतं अन् तू चालू दे म्हटलं, म्हनून मी निश्चिंत होती. त्यात तुहा दोष नाही.

काही लेकरं अजूनही येतात. शिक्क्याकडं पाहत बसतात अन् जातात. वाट्या वाजवत नाहीत.

मले काही नको. साहेबाच्या कागदावर माह्या नावापुढं काय लिहिलं हाय, तेवढं फक्त सांग. ते न समजता झोप येत नाही.

तब्येतीले जप.

प्रयाग


नवी दिल्ली,
ता. ९ डिसेंबर १९५५

तीर्थस्वरूप बाईस सा. न. वि. वि.

तुझ्या नावापुढे काय लिहिलं आहे ते वाचून सांगतो, कारण तो कागद माझ्या मेजावर आहे.

लिहिलं आहे: “भेटीदाखल आलेल्या दुधाच्या बदल्यात धान्य घेतले जात असल्याचा संशय.” ही भुकटी विकायची नाही आणि कशाच्या बदल्यात द्यायची नाही, अशी देणाऱ्यांची अट आहे. ती कुठेही मोडली की कागद दिल्लीला येतो आणि दिल्लीत माझ्याकडे. अट त्यांची असली तरी तिची भाषा माझी आहे. दोन वर्षांपूर्वी ती मीच लिहिली, आणि तेव्हा माझी मला फार कौतुकाची वाटली होती.

ज्यानं चोरून धान्य घेतलं तो ते सरकारच्याच गोदामात कशाला पाठवील, हा प्रश्न कोणालाच पडलेला नाही. फायलीला प्रश्न पडत नाहीत, शेरे पडतात. जमनाबाईचा रुमाल पुरावा म्हणून टाचणीनं लावला आहे. टिकल्या अजून चमकतात. खिडकीतल्या उन्हात फाईल हलली की छतावर कवडसे हलतात.

आता माझं सांगतो. तू सप्टेंबरात मला सगळं लिहिलं होतंस. पिंपं, तूर, रुमाल, आणि शेवटी स्पष्ट प्रश्न. तुझं पत्र मी काल पुन्हा काढलं आणि पहिल्यांदा वाचलं. दुसऱ्या देशांच्या पत्रांतला स्वल्पविरामही मी तीनदा तपासतो. तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं होतं, एक हात कोटाच्या बाहीत घालून. ‘चालू दे’ हे माझं उत्तर नव्हतं, ती दार लावण्याची रीत होती.

सख्ख्या बहिणीचा निकाल मी देऊ शकत नाही. फायलीवर नातं लिहून ती गोपीचंद या शेजारच्या मेजावरच्या अधिकाऱ्याला दिली. सोबत तुझं पत्र आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं, आणि मला आधी कळवलं असून मी न वाचता होकार दिला, असं सही करून लिहिलं. गोपीचंद लाहोरहून सगळं सोडून आलेला आहे, माझ्याहून कमी बोलतो. पत्र वाचून तो इतकंच म्हणाला की या कचेरीत उलट्या दिशेनं काही येताना आपण पहिल्यांदाच पाहत आहोत.

माया कमी झाली असेल तर कळव. नसेल तरी कळव.

उकंड


नवी दिल्ली,
ता. ४ जानेवारी १९५६

तीर्थस्वरूप बाईस सा. न. वि. वि.

निकाल लागला. तुझ्यावर ठपका नाही. “केंद्रचालक बाईंचा हेतू शुद्ध असून कोणताही मोबदला घेतलेला नाही,” असं गोपीचंदनं लिहिलं आहे. मराठी करून नक्कल सोबत पाठवतो. ती पाटलांकडून चावडीवर वाचून घे, आणि आडावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

आता दुसरी बाजू. यापुढे दूधवाटपाचं केंद्र पगारी सरकारी नोकराच्याच हाती द्यायचं, असं वरून ठरलं. धनजची शाळा खाजगी मंडळाची, सरकारी नव्हे, म्हणून तिथले गुरुजी त्यात बसत नाहीत. केंद्र कारंज्याला जाईल. मी अटीत वाट शोधली, दोन दिवस शोधली. ती मीच लिहिलेली असल्यामुळे तीत कुठे फट नाही.

मला एक शेरा मिळाला: पत्रव्यवहारात दक्षता बाळगावी. नोकरीतला हा पहिला प्रतिकूल शेरा, आणि इतका खरा शेरा कोणी मारला नव्हता.

रुमाल देणाऱ्यांकडे पाठवावा, अशी एक ओळ गोपीचंदनं शेवटी घातली होती. वरच्यांनी ती खोडली. देणाऱ्याला काही परत देण्याची तरतूद करारात नाही. रुमाल फायलीसकट कपाटात गेला. जमनाबाईला काय सांगायचं ते तू ठरव. 

उकंड


धनज,
ता. २२ जानेवारी १९५६

चिरंजीव उकंडास अनेक आशीर्वाद. वि. वि.

नक्कल पाटलानं चावडीवर वाचली. ‘हेतू शुद्ध’ म्हणजे काय, असं हिरीबाईनं इचारलं. पाटील म्हणे, पोटात पाप नाही. ती म्हणे, एवढ्यासाठी दिल्लीले कागद गेला होता काय? तो कागद मी देवाजवळ ठेवला. झोप लागते आता.

पिंपं घेऊन गेले. ओसरी मोठी दिसाले लागली. जमनाबाईले मी खरं सांगतलं, रुमाल कपाटात हाय म्हनून.  ती म्हणे, कपाट कोण्या बाईचं असन तर तिले होईन.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात वाटी वाजली. जमनाबाईची नात, चंदा. मी म्हटलं, बाई, दूध तर आता कारंज्याले गेलं. ती म्हणे, पण मी वाटी आनली ना. आता लेकराले रिकाम्या वाटीनं कसं पाठवावं? घरात कण्या होत्या, त्या शिजवून ताक घालून देल्या. दुसऱ्या दिवशी सात आले, मंग एकवीस. चतुराबाई अन् हिरीबाई पिंपात घालत होत्या ते मूठमूठ आता माह्या गंजात घालतात. बेचाळीस काही होत नाहीत. माह्या एकटीच्यानं रोज होईन का नाही तेही मालूम नाही. होईन तोवर करतो.

सोबत चटणी पाठवली. हा आखरीचा डबा समजजो. रागानं नाही. घरात आता डबाच राह्यला नाही, सारे तुह्याकडं हायत.

माया कमी झाली का म्हनून इचारलंस. ते आमच्याकडं पत्रात सांगत नाहीत.

तुही बाई
प्रयाग


नवी दिल्ली,
ता. ३ फेब्रुवारी १९५६

तीर्थस्वरूप बाईस सा. न. वि. वि.

डबे मोजले. आताचा धरून सतरा. रविवारी सगळे धुऊन गॅलरीत उन्हात पालथे घातले. शेजारणीनं विचारलं, घरी काही कार्य आहे का. मी आहे म्हणालो.

त्यांत काय घालावं यावर चार दिवस विचार केला. बाजार हिंडलो. दिल्लीत सगळं मिळतं, पण तुझ्या भांड्यात घालावं असं माझं काही सापडलं नाही. देणाऱ्याला परत काय हवं आहे, हे दुनियेचं टिपण करणाऱ्याला स्वतःच्या बहिणीचं सांगता येईना. मग तुझी पत्रं काढून बसलो. दर दिवाळीच्या पत्रात ते लिहिलेलं होतं.

काल रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात ‘भांडी परत करणे’ असं लिहिलं. गोपीचंद हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. किती दिवस हवेत, एवढंच त्यानं विचारलं. महिना मिळाला आहे.

तेव्हा बाई, सतरा डबे रिकामे आणि ते आणणारा एक माणूस, एवढं येत्या महिन्यात वाशीमच्या मोटारीनं येईल. पहाटे चूल फुंकता येते. भुकटी घोटायचा अनुभव नाही, कण्या ढवळीन.

हे चालेल ना? तुला विचारून राहिलो आहे. उत्तर दोन ओळींचं आलं तरी पुरे. बसून वाचीन.

तुझा
उकंड