वरमाईच्या चालीतली पाचवी मात्रा

मेहरूण, जळगाव
९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रेमराज,

तुला, मीनाला आणि पोरांना आशीर्वाद. माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. आता समोरच्या गच्चीवरचं धुणं कोणाचं ते इथून ओळखता येतं. सुलक्षणा लेकीच्या हक्काने मला महिनाभर शिरपूरला जाऊ देत नाही. मायलाही इकडेच आणलंय. भरीत-पुरी, दुपारची झोप, संध्याकाळी तलावावर एक फेरी. एकूण मजेत आहे.

फोन करता आला असता. पण फोनवर मी तुला बोलू देत नाही, हे तुला माहीत आहे.

सुलक्षणा शाळेत संगीत शिकवते. तिने आबांच्या बँडच्या चौदा चाली कॉम्प्युटरवर लिहायला घेतल्यात. मी क्लॅरिनेटवर एकेक ओळ वाजवतो, ती पाच रेघांवर टिंबं बसवते. तेरा चाली आठवड्यात झाल्या. मांडवात नेताना वाजवायची ती वरमाईची चाल मात्र अडली.

तो कॉम्प्युटर दर चार मात्रांनी उभी रेघ मारतो. मी चार-चारच्या हिशोबाने सांगत होतो, पण सुलक्षणा लहानपणी आबांच्या मांडीवर बसून ऐकलेलं लिहीत होती. चौथ्या कप्प्यात तिचा एक सूर जास्त व्हायचा. तो पुढच्या कप्प्यात सांडायचा आणि तिथून सगळी चाल वाकडी. मी म्हटलं, "शेवटचा सूर आखूड कर." तिने केला. कॉम्प्युटरने वाजवून दाखवलं तर अडखळल्यासारखं वाटलं.

मग तिने उभ्या रेघाच काढून टाकल्या, सतरा मात्रांचा एकच लांब कप्पा केला. तिची शाळेतली पोरं वाचताना त्यात हरवली. मग तिने एक युक्ती काढली. कॉम्प्युटरला आतून सांगायचं की इथे पाच मात्रा आहेत, आणि कागदावर चारच दिसू द्यायच्या. पाचाचा आकडा लपवता येतो.

मी लगेच म्हटलं, "हेच बरं. लपव."

ती म्हणाली, "लपवते नाना. पण वाजवणारा चार मोजेल आणि चुकेल. मग दोष त्याचा धरायचा का?"

मी उठून तलावावर गेलो.

प्रेमराज, चोपड्याच्या त्या लग्नाबद्दल मी लिहिणार नव्हतो. डोळ्याचं लिहीन, तब्येत विचारीन आणि पत्र संपवीन, असं ठरवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मायच्या पेटीतली जुनी कॅसेट काढली. शहाऐंशी सालची, आबा तेव्हा चाळिशीचे. मी बोटं मोजत ऐकत होतो. चार, चार, चार आणि पाच. पुन्हा ऐकलं, पुन्हा तेच. आबांना म्हातारपणी दम पुरत नाही म्हणून ते तिथे थांबतात, असं मी मनाशी धरलं होतं. ते गेल्यावर बँड माझ्याकडे आला आणि मी चाल 'सरळ' केली. कॅसेटमध्ये मात्र त्यांचा दम कुठेच कमी पडत नव्हता.

मायला विचारलं, आबा तिथे का थांबायचे. ती शेंगा सोलत होती. वर न बघता म्हणाली, "दोनच तं पायघड्या व्हत्यात. मांगली उचलीसन पुढे टाकाले येळ लागे का नही?"

एवढंच होतं बघ. वरमाईचा पाय जमिनीला लागू नये म्हणून आबांनी एक मात्रा थांबायचं ठेवलं होतं. मी इतकी वर्षं तिच्यासमोर वाजवत चाललो, पण खाली कधी पाहिलं नाही. तू ड्रमवर होतास, तुला पायघड्या दिसायच्या.

चोपड्याला तू तो पाचवा ठोका दिलास, मी न थांबता पुढे वाजवत गेलो आणि सगळ्या बँडचा ताल फाटला. तू हळूच म्हणालास, "भाऊ, आबानी चाल आशीच शे." मी भर मांडवात तुझ्या हातातल्या काड्या ओढून घेतल्या. त्यानंतर तू धुळ्याला गेलास. अकरा वर्षं लोक विचारायचे, तेव्हा मी सांगायचो की प्रेमराजला बँडचा कंटाळा आला. ते खोटं होतं.

गेल्या रविवारी चिंधाच्या नातवाचा वाढदिवस होता. बँडची जुनी मंडळी शिरपूरला जमली, म्हणून सुलक्षणाने एका दिवसाची सुट्टी दिली. जेवणं झाल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं की त्या दिवशी प्रेमराज बरोबर होता, चूक माझी होती. चार माणसांत तुझा अपमान केला, तर सांगायचंही चार माणसांतच. मग चिंधा म्हणाला, "आमले बठ्ठास्ले माहीत व्हतं, भाऊ. पन तुले कोन सांगी?"

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. ते हसले. मीही हसलो. घरी येताना फार हलकं वाटत होतं, आणि लाजही वाटत होती.

आता कागदावर पाचाचा आकडा उघडा लिहिलाय. चार मात्रांनंतर एक तुटक रेघ, मग ती एकटी मात्रा, मग पुरी उभी रेघ. शेवटी पुन्हा वाजवायची खूण आहे. किती वेळा वाजवायचं ते कॉम्प्युटरला आकड्यात हवं होतं. सुलक्षणाने तो आकडा पुसून खाली लिहिलं, 'वरमाय मांडवात पोहोचेपर्यंत'. चालीच्या वर आबांचं नाव आहे, त्याखाली 'ठेका : प्रेमराज'. हे मी तुला न विचारता केलं. तुला नको असेल तर काढू.

तिची पोरं दोन मार्चला शाळेत या चाली वाजवणार आहेत. वरमाईच्या चालीला मी क्लॅरिनेट घेतोय. ड्रमला कोणी नाही, आणि मी कोणाला विचारणारही नाही. पांझरेकाठच्या देवळात तू दर मंगळवारी आरतीला वाजवतोस, हे मला कळलंय. ऐकून बरं वाटलं होतं, तेही तुला कधी सांगितलं नाही.

येशील तर बस धर. माय विचारते आहे. नाही आलास तरी माझी तक्रार नाही.

आलास तर सुरुवातीची खूण तू करायची. मी तुझ्या हाताकडे बघत उभा राहीन.

तुझा चुकलेला थोरला भाऊ,
हिलाल