आईचा हात बिघडला ते वर्ष

आई,

यंदाचा मसाला परवा कुटून आणला. चार किलो मिरची घेतली होती. तू असतीस तर म्हणाली असतीस, दोन माणसांच्या घराला एवढा कशाला? पण त्यातला निम्मा धाकट्याकडे जातो, एक बरणी माझ्या नणंदेकडे, आणि राहिलेला आम्ही दोघं वर्षभर पुरवतो. तुझा धाकटा आता आपली चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर राहतो. तिथे गच्चीवर मिरच्या वाळत घालायला बंदी आहे, लिफ्टमध्ये तशी नोटीसच लावली आहे. म्हणून मिरच्या माझ्या गिरगावातल्या गॅलरीत वाळतात आणि कुटायला मात्र लालबागला जातात. टॅक्सीवाला दरवर्षी शिंकतो आणि दरवर्षी मी त्याला सॉरी म्हणते.

खरं तर मी तुला पत्र लिहावं असं काही नाही. आपल्या घरात पत्रं बाबा लिहायचे, तीही गावाला, आणि त्यात सगळे खुशाल आहेत यापलीकडे फारसं काही नसायचं. शिवाय तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. पण रविवारी धाकट्याचा फोन आला. त्याची मुलगी ऑगस्टमध्ये नोकरीसाठी परदेशी चालली आहे आणि तिला मसाल्याचं प्रमाण लिहून हवं आहे. "ताई, आईचं ओरिजिनल प्रमाण दे हां, तुझं नको," तो म्हणाला. मी विचारलं, "ओरिजिनल म्हणजे कुठलं रे?" तर म्हणे, "फिलॉसॉफी नको ताई, ग्रॅममध्ये सांग." मागून त्याच्या मुलीचा आवाज आला, "आत्या, आजीचा हात बिघडला होता ना, त्या वर्षीचं नको!" दोघंही हसले. मीही हसले.

ती गोष्ट आता घरातला विनोद झाली आहे, हे तुला माहीत नसणार. आमटीत मीठ जास्त पडलं, केक फुगला नाही, की कुणीतरी म्हणतंच, "आजीच्या मसाल्यासारखं झालं." तू गेलीस तेव्हा ती पोर चार वर्षांची होती. तिला तुझा चेहरा फोटोतला आठवतो. तुझ्याबद्दल तिला चार-पाच गोष्टी ठाऊक आहेत आणि त्यातली एक ही आहे.

त्या वर्षीच्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा. गावाला गेलेली बिऱ्हाडं परतली आहेत, आपल्या खोलीत फणसाचा वास कोंडला आहे, कॉटखाली कोकमांचं गाठोडं आहे. धाकटा पाच वर्षांचा, जूनमध्ये पहिलीत जाणार म्हणून नवं दप्तर पाठीला लावूनच झोपतो. गच्चीवर आपल्या निळ्या चौकडीच्या चादरीवर मिरच्या, रंगाला बेडगी आणि तिखटाला लवंगी. माझी आजी, तुझी सासू, उंबऱ्यात बसून देठ काढते आहे आणि प्रत्येक मिरचीला नाव ठेवते आहे. तू नाकाला पदर बांधून स्टोव्हपुढे. धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल, एकेक वेगळं भाजायचं. अख्खा मजला खोकतो आणि कुणी तक्रार करत नाही, कारण उद्या त्यांची पाळी असते. धणे झाले की नाही हे तू रंगावरून ओळखत नसायचीस, आवाजावरून ओळखायचीस. आपल्या मजल्यावरच्या चार घरांतून तुला बोलावणं यायचं, "वहिनी, जरा बघून जा ना, बास झालं का?" तू हातातलं काम टाकून जायचीस. एरवी तू चालायचीस ती खाली बघून, भिंतीकडेने. पण मे महिन्यात त्या गॅलरीतून तू मधोमध चालायचीस. मला ते बघायला फार आवडायचं. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, आपल्याकडे असलं काही सांगत नसत.

भाजून झालं की सगळं पत्र्याच्या डब्यात भरायचं, वर फडकं बांधायचं आणि डंकावर जायचं. धाकट्याच्या मुलीला डंक म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं: लोखंडी मुसळं मशीनवर आपोआप वर-खाली होतात आणि खालच्या उखळात मसाला कुटला जातो. तिथला तुझा नियम एकच होता. आपला मसाला कुटून, चाळून, डब्यात पडेपर्यंत जागा सोडायची नाही. आधी कुणाचं कुटलं ते विचारायचं, उखळ पुसून घ्यायला लावायचं, आणि मग डब्यावर नजर ठेवून बाकावर बसायचं. मे महिन्यात तिथे डब्यांची रांग असायची आणि सगळे डबे तेलाचेच, सगळे सारखे. त्या वर्षी आजीला ताप होता, तुला घर सोडता येत नव्हतं, म्हणून तू मला पाठवलंस. मी सतरा वर्षांची होते. दादरच्या कॉलेजात एक वर्ष झालं होतं आणि आपण आता कुणीतरी आहोत असं मला वाटायला लागलं होतं.

मी बाकावर बसले होते. डोक्याला तुझा जुना पंचा, नाक लाल, डोळ्यांतून पाणी. आपला नंबर लागला, मिरच्या उखळात गेल्या, आणि समोरच्या फुटपाथवर माझ्या वर्गातली एक मुलगी दिसली. शिवाजी पार्कला राहायची, वर्गात पहिल्या बाकावर बसायची. आईबरोबर तयार मसाला घ्यायला आली असावी. दोघींच्या साड्या-ड्रेसना इस्त्री होती. ती दुकानाकडेच यायला लागली आणि मी उठले. पंचा काढून पिशवीत कोंबला आणि मागच्या गल्लीत जाऊन एका जिन्याखाली उभी राहिले. किती वेळ ते नक्की सांगता येणार नाही. वीस मिनिटं, अर्धा तास. परत आले तेव्हा ती गेली होती. दुकानात दोन डबे शेजारी शेजारी तयार होते. डंकवाल्याने एक पुढे केला, "घ्या, झाला तुमचा." डबा गरम होता. मी घेतला आणि चालू लागले.

तू झाकण काढलंस. चिमूट घेतलीस, आधी वास, मग जिभेवर. माझ्याकडे बघितलंस. "जाग्यावरून उठली होतीस?" मी म्हटलं, "नाही." तू झाकण लावलंस. "बरं," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तोच मसाला तू बरणीत भरलास, वर हिंगाचे खडे ठेवलेस, तोंडाला फडक्याचा दादरा बांधलास. मला वाटलं, सुटले.

आठ दिवसांनी बांगड्याचं तिखलं केलंस. आजीने पहिला घास घेतला आणि ताट पुढे सारलं. "ह्यो मसालो आपलो न्हय." बाबा जेवायचे थांबले. मी ताटात बघत बसले. तू भाताची परात उचललीस, बाबांना वाढलंस आणि म्हणालीस, "माझाच हात चुकला. बडीशेप जास्त भाजली गेली." एवढंच. त्या डब्यात आपल्यापेक्षा दुप्पट बडीशेप होती आणि ती कुणा तिसऱ्याच बाईने भाजली होती, हे तुला एका चिमटीत कळलं होतं. आजीला तुझं उत्तर पुरलं. पुढचं वर्षभर आलेल्या-गेलेल्याला तिने ते पुरवलं, "सुनेचो हात बिघडलो गो यंदा, काय सांगू!" गणपतीला जमलेल्या नातेवाइकांसमोर सांगितलं, दिवाळीला सांगितलं. तू फराळाची ताटं भरत राहिलीस. आजी वाईट नव्हती. तिला सांगायला एक गोष्ट मिळाली होती आणि म्हाताऱ्या माणसाला ती लागतेच, हे मला आता कळतं.

पुढच्या मे महिन्यात तुला कुणी बोलावलं नाही. चारांपैकी एकाही घरून नाही. शेजारणी बोलत होत्या, हसत होत्या, वाटीभर कोकमं देत-घेत होत्या, फक्त धणे बघायला म्हणून कुणी आलं नाही. तिसऱ्या खोलीतून भाजल्याचा वास आला तेव्हा तू स्टोव्ह पुसत होतीस. मी बघत होते. तू हात थांबवलास, दाराकडे बघितलंस, आणि पुन्हा पुसायला लागलीस. मला तेव्हा सांगता आलं असतं. गॅलरीत जाऊन चार दारं वाजवायची होती, एवढंच काम होतं. मी अभ्यासाचं पुस्तक उघडलं.

आणि तू काय केलंस? त्या वर्षीच्या मसाल्यात बडीशेप वाढवलीस. पूर्वी एक मूठ घ्यायचीस, त्या वर्षी पाऊण मूठ वर घातलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "त्या बाईचं एक बरं होतं. खोबऱ्याला गोडवा येत होता." त्या बाईचं, असं म्हणालीस, सरळ, माझ्याकडे न बघता. आजीने तिखलं चाखलं आणि म्हणाली, "आता कसो जमलो!" तेव्हापासून आपला मसाला तो. धाकट्याला जी चव आईची म्हणून आठवते, ती हीच. त्याचं ओरिजिनल प्रमाण अर्धंमुर्धं एका अनोळखी बाईचं आहे. ती कुठली, कोण, तिने तुझा मसाला वर्षभर खाऊन काय म्हटलं असेल, याचा मी कधी कधी विचार करते. तिच्या घरी बहुतेक कुणीतरी म्हणालं असेल, यंदा तुझा हात सुधारला.

एकदाच तू तो विषय काढलास. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात मी गिरगावहून माहेरी आले होते, तू मला द्यायच्या डब्याला फडकं बांधत होतीस. "पुढच्या वर्षी तू करशील सासरी," म्हणालीस. "डंकावर स्वतः जा. आणि उठू नको गो मधेच." मी हसले. म्हटलं, "कशाला उठेन?" तुझी गाठ मारून झाली होती. ती तू सोडलीस आणि पुन्हा बांधलीस, सावकाश, दोन्ही टोकं सारखी करून. तू मला वेळ देत होतीस, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मागाहून कळलं असं म्हणायची सोय नाही. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, उशीर होतोय, निघते.

तू मला कधी रागावली नाहीस याचं लोकांना कौतुक वाटेल. मला वाटत नाही. एक थोबाडीत मारली असतीस तर त्याच दिवशी सगळं बाहेर पडलं असतं आणि तुझी चार घरं तुझ्याकडे राहिली असती. तू मला वाचवलंस आणि त्याची किंमत स्वतः भरलीस, आणि हे मला न विचारता केलंस. मला याचा राग आहे. गेल्यावर माणसावर रागावू नये म्हणतात, पण जिवंतपणी रागवायचं धाडस नव्हतं, तर कधी रागवायचं?

काल दुपारी मी प्रमाण लिहायला बसले. किचनमधला छोटा वजनकाटा घेतला. तुझी मूठ माझ्या मुठीपेक्षा लहान होती, म्हणून करंगळी उघडी ठेवून मूठ भरली आणि वजन केलं. दोन्ही प्रमाणं मला पाठ आहेत, आधीचं आणि नंतरचं. नंतरचं लिहिलं, कारण पोरीला तीच चव हवी आहे. भाजायचा क्रम लिहिला, धण्यांच्या आवाजाचं लिहिलं, तिकडे डंक नसेल तर मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवायचं तेही लिहिलं. पान जवळजवळ भरलं. तळाशी चार ओळी उरल्या होत्या. तिथे लिहिलं, "त्या वर्षी आजीचा हात बिघडला नव्हता. मी डंकावरून उठले होते आणि मसाल्याची अदलाबदल झाली. आजीला माहीत होतं. ती बोलली नाही." वाचून बघितलं. सरळ, सोपी वाक्यं होती. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं ठरवलं, म्हणजे एकदाच सगळ्यांना कळेल.

कागद टेबलावर ठेवला, खिडकीतून उजेड चांगला येत होता. मोबाइल वर धरला. आणि मग कागदाच्या खालच्या चार ओळी मागे दुमडल्या, घडीवरून नख फिरवलं आणि फोटो काढला. पाच मिनिटांत सगळ्यांचे अंगठे आले. धाकट्याने लिहिलं, "हाच तो आईचा हात." त्याच्या मुलीने डोळ्यांत पाणी आलेला चेहरा पाठवला आणि खाली विचारलं, "आत्या, हे बिघडलेल्या वर्षाचं नाही ना?" मी लिहिलं, "नाही."

सतराव्या वर्षी मी तुला नाही म्हटलं, तेव्हा तुझी भीती वाटत होती. आता मी बासष्ट वर्षांची आहे, आणि मला रागावणारं कुणीही उरलेलं नाही.