टॅबमधल्या टाळ्या

३ डिसेंबर
चाळीसपैकी नऊ! गणितात! आणि शाळेने दिलेल्या त्या टॅबवर हीच आमची लेक सातवीत पहिली. शहाण्णव टक्के. रोज हिरव्या खुणा, रोज ‘शाब्बास’, वर टाळ्यांचा आवाज. डोकं उठतं.
विचारलं तर म्हणे, “पेपर अवघड होता.” नाचता येईना अंगण वाकडं!

४ डिसेंबर
दुकानातून तासभर सुट्टी घेऊन शाळेत गेले. गणिताच्या बाई म्हणाल्या, “फेरपरीक्षेतही असंच झालं तर तिला क तुकडीत बसवावं लागेल.” क तुकडी म्हणजे सोडून दिलेली मुलं, सगळ्यांना माहीत आहे.
मी म्हटलं, “तुमचं अॅप खोटारडं आहे. चुलीत घाला ते!” बाईंनी शांतपणे वेळा दाखवल्या. सगळी गणितं दुपारी सुटलेली. दुपारी पोरगी यांच्याच वर्गात असते! मी तोंडघशी पडले.
दुपारी घरी कोण असतं ते मला माहीत आहे.

५ डिसेंबर
दुकानात डोकं दुखतंय सांगून लवकर निघाले. जिन्यातच टाळ्या ऐकू आल्या. आत नवरा टॅब मांडीवर घेऊन अपूर्णांक सोडवतोय! तळपायाची आग मस्तकात गेली.
“लाल खूण आली की ती रडवेली होते गं. म्हटलं, देऊ सोडवून.”
छापखाना बंद झाल्यापासून हा भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. महिनाभर दाढी करतोय, धुतलेला शर्ट घालतोय — मला वाटलं, नोकरी शोधतोय! आणि हा सातवीच्या पोरांत पहिला नंबर काढतोय!
मी तेच म्हणाले. “पहिला आलास. पेढे वाटू का?” त्याने टॅब बंद केला. लागलं असेल त्याला. लागू दे. पोरीचं वाटोळं झालं त्याचं काय?

६ डिसेंबर
टॅब कपाटात. किल्ली माझ्या पर्समध्ये. कुणी कुणाशी बोलत नाही.

७ डिसेंबर
नवऱ्याने दाढी केली नाही.

८ डिसेंबर
शेवटी मीच ओरडले, “एवढं येतं ना तुला? मग तिला शिकव! कागदावर!”
संध्याकाळी दोघं जेवणाच्या टेबलाशी बसली. तिचं उत्तर तीनदा चुकलं, चौथ्यांदा बरोबर आलं. याने खरोखर टाळ्या वाजवल्या. म्हटलं, शेजारी झोपलेत. झोपले नव्हते, पण माझा राग अजून गेला नव्हता.

१५ डिसेंबर
फेरपरीक्षेचा निकाल. चाळीसपैकी सव्वीस! क तुकडी टळली. बाई म्हणतात, अॅपने वेळा दाखवल्या म्हणूनच कळलं, म्हणजे अॅपचा उपयोग झालाच. दात-ओठ खाऊन गप्प बसले.

१६ डिसेंबर
सकाळी वेणी घालताना तिला म्हटलं, “बाबा तुझी गणितं करतात हे तुला कळलं कसं नाही?”
“माहीत होतं. मीच मुद्दाम धडे न सोडवता ठेवून जायचे. टाळ्या वाजायला लागल्यापासून बाबा दाढी करायला लागले होते ना.”
वेणी घालून झाली होती. मी ती सोडली आणि परत घालायला घेतली.