न्यू इचोटातला बिनकुळाचा

२ ऑक्टोबर १८२८
जोएलनं आज मक्या-घेवड्याचे सात उंडे खाल्ले! वर ऐकवलंच — "घेवडा जरा कमी पडला." म्हटलं, "मग छापखान्यातले खिळेच खात जा." हसला की खांदे हलतात मेल्याचे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या दाराशी नुसता मका होता. मग आपल्या चेरोकी सभेनं दोऱ्या धरून रस्ते आखले — म्हणे राजधानी! आता न्यायालय आहे, छापखाना आहे. जोएल तिथे अक्षरांचे खिळे जुळवतो. आपल्या अक्षरांत वर्तमानपत्र निघतं. मी ती अक्षरं नवरा गेल्यावर शिकले. आठ दिवसांत!

५ ऑक्टोबर
जोएलला कूळच नाही. वडील चेरोकी, आई गोरी, आणि कूळ तर आईकडून येतं. कायद्यानं तो आपलाच. पण शेकोटीभोवती सगळे कुळाकुळानं बसतात तेव्हा हा मागे एकटा, खांबाला टेकून. मला बघवत नाही.

शेजारच्या आइल्सीच्या लेकीचं जमलं. मुलानं दारात हरणाची मांडी ठेवली, तिनं ती चुलीवर चढवली. झालं लग्न!

९ ऑक्टोबर
आज विचारलंच. "आमच्या लांडगा कुळात ये. माझा भाऊ हो. बाकीच्या बायकांशी बोललेय मी."
पठ्ठ्याचा चेहराच उतरला! "बघतो," म्हणाला आणि उठला. पागोटं इथेच विसरला. मी ते खुंटीला अडकवलं.

१० ऑक्टोबर
आला नाही.

१३ ऑक्टोबर
आइल्सीनं त्याला पक्षी कुळात घेतलं! साऱ्या गावासमोर! मला आधी पत्ताच नाही.
"स्वतः आला गं. म्हणाला, पदरात घे." वर खुदुखुदु हसत होती.
"तुझे उंडे म्हणजे दगड. कळेल त्याला!"
"अगं, माझे उंडे तो खातोय कशाला?"
घरी येऊन रडले. लांडगा कुळात काय कमी होतं? आता त्याचं पान मांडायचं नाही. मुळीच नाही.

१४ ऑक्टोबर
सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर हरणाची मांडी! कुंपणाशी जोएल, बोडका. म्हणे, "पागोटं न्यायला आलोय."
एका कुळात लग्न होत नाही — आणि मी खुळी त्याला भाऊ करायला निघाले होते!
चूल पेटवलीय. पागोटं खुंटीवरच राहील.