नुसत्या तीन अक्षरांचा फरक

सोमवार, ६ ऑक्टोबर २००३

हरणानं ऑर्व्हिलचा ट्रक मारला! उलटं नाही लिहिलेलं. हरीण उठलं, अंग झाडलं आणि मक्यात निघून गेलं. ट्रक मात्र संपला. काल संध्याकाळी, चर्चच्या वळणावर. रेडिएटर, जाळी, दोन्ही दिवे, पुढची चौकटसुद्धा वाकली. ऑर्व्हिल, माझा मेव्हणा, धडधाकट आहे. कपाळावर एक टेंगूळ, तेही बहिणीला दाखवण्यापुरतं.

ट्रक ओढून मी माझ्या जुन्या गाड्यांच्या आवारात आणला. मर्नानं खाली दिवा घालून पाहिलं. ही माझी मेकॅनिक, बावीस वर्षं माझ्याकडे, जीभ माझ्याहून लांब. म्हणाली, "वेंडेल, आता याला फुलं वाहा."

ऑर्व्हिलनं टोपी काढली. त्याच्या ट्रकच्या कंपनीची, जीएमसीची, तीन लाल अक्षरं असलेली ती टोपी मी त्याच्या डोक्यावरून फक्त एकदा उतरलेली पाहिली होती — मार्चमध्ये, बायकोला पुरताना.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

ऑर्व्हिलच्या पोरीचा फोन. कोलीन, राहते तिकडे दूर वाळवंटात, टुसॉनला. आर्डिस बोलत होती, पण माझे कान कशाला आहेत! बायकोच्या हातातल्या फोनमधलं मला पलीकडच्या खोलीत ऐकू येतं. याच कानांवर धंदा उभा केला — इंजिनाची कुरकुर आणि गिऱ्हाइकाची कुरकुर, दोन्ही आधी मला कळतात.

"आत्या, बाबा गावापासून दहा मैलांवर एकटे. बर्फात गाडीशिवाय काय करणार? हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो त्याच्या आदल्या दिवशी मी येते. दारात चालती गाडी दिसली तर राहू देत. नाही तर सामान भरून इकडे घेऊन येते. यावर आता चर्चा नको."

म्हणजे मुदत १४ नोव्हेंबर.

ऑर्व्हिल टुसॉनला! जिथं झाडांना पानांऐवजी काटे असतात! वर्षभरात मरेल तो. उन्हानं नव्हे, भांडायला कुणी नाही म्हणून.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आर्डिस त्याला माझ्याकडे घेऊन आली. आवारात एक्केचाळीस गाड्या उभ्या. तो रांगेतून फिरला, लष्कराच्या पाहणीला आल्यासारखा.

"जीएमसी नाही?"

"या हंगामात नाही मिळत रे. ही बघ, दहा वर्षांची शेव्ही. एकच मालकीण, शाळेतली बाई. ताशी चाळीस मैलांच्या वर कधी चालवली नाही."

"शेव्ही," तो म्हणाला. जसं कुणी "उंदीर" म्हणावं.

"अरे तेच इंजिन! तीच चौकट! तुमच्याच पोंटियाकच्या कारखान्यात एकाच रांगेतून दोन्ही निघायच्या, तूच सांगतोस ना? मग? नुसत्या तीन अक्षरांचा फरक!"

हे वाक्य मी त्याला गेली तीस वर्षं ऐकवतो. प्रत्येक ईस्टरला, प्रत्येक वाढदिवसाला. मी स्वतः शेव्हीच चालवणारा, मला शोभतंही. एरवी तो शिव्या देतो.  आज नुसतं म्हणाला, "तुला नाही कळायचं."

मग तेच पुराण. शंभर वर्षांपूर्वी डेट्रॉइटात दोन भावांनी ट्रक बांधायला घेतला तिथपासून. मग युद्ध, त्याचा बाप फ्रान्समध्ये चिखलातून अडीच टनी जीएमसी चालवायचा. "रात्रंदिवस! दिवे न लावता! ती अक्षरं पुढं होती म्हणून तो परत आला." मी म्हणालो, बाप उत्तम ड्रायव्हर होता म्हणून आला. आर्डिसनं माझ्या पायावर पाय दिला.

एकतीस वर्षं त्यानं त्या कारखान्यात काढली. काय करायचास म्हटलं की एकच उत्तर — "ट्रक बनवायचो." जसा काही एकट्यानंच!

शेव्ही नको म्हणाला. नकोच. बर्फातून पायी जाईन म्हणाला.

शनिवार, ११ ऑक्टोबर

न्याहारीला आर्डिस रडली. "दादा गेला तर या गावात माझं माहेर म्हणून काय उरणार?" धिरड्यावर मेपलचा पाक ओतत होतो, ओततच राहिलो. डोक्यात काहीतरी उजळलं.

नुसत्या तीन अक्षरांचा फरक ना? मग तेवढाच करू या!

मंगळवार, १४ ऑक्टोबर

कारो गावच्या भंगारवाल्याकडून जीएमसीची जाळी आणली, मागचा फाळका आणला, हॉर्नवरची टिकली आणली. जाळीवरची अक्षरं मात्र आधीच कुणी काढून नेलेली. ती दुसऱ्या डब्यातून सुटी मिळाली. तिन्ही लाल, एक जरा फिकट.

माझं मन एकदा म्हणालं, वेंडेल, हे बरोबर आहे का? दुसऱ्याच्या आवारात काचा पुसण्यापासून सुरुवात केली मी. आजवर कधी मैलांचा काटा मागं फिरवला नाही, गिऱ्हाइकाला गंज झाकून दिला नाही. पण ही विक्री कुठंय? हिवाळ्यापुरता वापरायला देतोय. कागद माझ्या नावावर, विमा माझ्या नावावर. हे नाटक आहे. नाटकाला खोटं म्हणत नाहीत.

शटर ओढून मर्ना आणि मी कामाला लागलो. जाळी तासाभरात बसली. अक्षरांना गोंद. शिकल्यासवरल्या माणसासारखं डावीकडून सुरू केलं, आधी जी, मग एम. सी-ला जागाच उरेना! दाबून बसवला बिचाऱ्याला.

"लांबून कळत नाही," मी म्हणालो.

"लांबून तूही देखणा दिसतोस," मर्ना म्हणाली.

एक भानगड राहिली. पुढच्या काचेखाली गाडीच्या नंबराची पट्टी असते, सतरा अक्षरी. त्यातलं तिसरं अक्षर चुगलखोर. तिथं शेव्हीचं एक असतं, जीएमसीचं दुसरं. खाडाखोड करायची नाही, तो गुन्हा. टायरवाल्यानं दिलेलं छोटं कॅलेंडर वर उभं करून ठेवलं. झाकली मूठ!

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

दिला!

ऑर्व्हिलनं भोवती एक फेरी मारली. जाळीसमोर उभा राहिला तो राहिलाच. मला घाम. आठ अंश थंडी आणि मला घाम!

"कुठं मिळाला?"

"कारोकडं. भंगारवाल्याच्या ओळखीनं." खोटं नाही, अर्धा तिथूनच आला.

"हं."

आत बसला. चालू केला. डोळे मिटून ऐकत राहिला. "ऐक वेंडेल. ऐकलंस? शेव्हीला आहे का असा आवाज?"

मी गालाचं मांस दातांत धरलं. हाच आवाज रोज सकाळी मी माझ्या दारात ऐकतो!

बुधवार, २२ ऑक्टोबर

हॉटेलात मागच्या बाकावर बसून ऐकलं. ऑर्व्हिल फोर्डवाल्यांना सांगत होता, "वेंडेलकडं जन्मात एक चांगली गाडी आली आणि ती मला मिळाली." फोर्डवाले म्हणाले, "जीएमसी म्हणजे टाय लावलेली शेव्ही!" तो म्हणाला, "टाय बांधता यावा लागतो, गाढवांनो."

गुरुवार, २३ ऑक्टोबर

आर्डिसला सांगितलेलं नाही. हसू कोंडून पोटात दुखतंय. पचत नाही म्हणून तिनं सोडा दिला.

बुधवार, २९ ऑक्टोबर

धोका! ऑर्व्हिल तेल बदलायला आला. गाडीत डोकावलो तर कॅलेंडर दुसऱ्या कोपऱ्यात! पट्टी उघडी, तिसरं अक्षर माझ्याकडे बघून दात विचकतंय.

"इथलं कॅलेंडर सरकवलंस?"

"चकाकतं. डोळ्यांवर येतं."

चष्म्याशिवाय त्याला शिंगवालं हरीण दिसत नाही, अक्षर काय दिसणार! तेवढाच धीर. पण चष्मा खिशात होता. दांडी बाहेर दिसत होती.

आणखी एक. जाताना त्यानं मर्नाकडून दोरा आणि गोंदाची नळी मागून घेतली. खिडकीच्या फटीला लावायची म्हणे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पहिलं बर्फ. ऑर्व्हिलचा ट्रक आवारासमोरून गेला, मागं वजनासाठी वाळूची पोती टाकलेली. मी मर्नाला म्हटलं, "अगं, ती अक्षरं सरळ झाली का? सी-ला जागा झालेली दिसतेय."

"थंडीनं आकसली असतील."

"आकसली तर वाकडी नाही का होणार?"

"मग तुझी नजर सुधारली असेल. आता मला पगारवाढ दिसतेय का बघ."

शनिवार, ८ नोव्हेंबर

ठरलं. कोलीन शुक्रवारी येऊन निकाल देऊन जाईल. मग शनिवारी, शिकारीच्या पहिल्या दिवशी, रानातल्या खोपटात सगळ्या दोस्तांसमोर सांगायचं. ग्लास हातात घेऊन उभं राहायचं. "मित्रांनो, आपला ऑर्व्हिल गेला महिनाभर शेव्ही चालवतोय आणि तिच्या प्रेमात पडलाय!" आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा जास्त जमलं.

तीस वर्षांच्या वादाचा निकाल! पुतळा उभारायला हवा माझा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कोलीन विमानतळावरून भाड्याच्या गाडीनं आली. अंगात पातळ कोट. तिकडं राहून रक्त पातळ झालंय पोरीचं. बापाला म्हणाली, "चला, चालवून दाखवा." दोघं गेले. रस्त्यावर वीतभर बर्फ. आर्डिस खिडकीशी उभी, मी आर्डिसच्या मागं उभा. पाऊण तास!  हा चेष्टेचा ट्रक खड्ड्यात गेला तर म्हातारा टुसॉनला गेला, आणि घालवणारा मी. हे तेव्हा पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं.

आले. कोलीन उतरली ती सरळ माझ्याकडे.

"वेंडेलकाका, टेकडी चढला. दोनदा. बाबांनी मुद्दाम मध्ये थांबवून पुन्हा चढवला." मग मला मिठीच मारली. "राहू देत त्यांना. तुम्ही आहात ना इथं."

ऑर्व्हिल बाहेरच. रुमालानं जाळीवरचं बर्फ पुसत होता.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पहिला दिवस. हरीण कुणालाच दिसलं नाही. ऑर्व्हिल म्हणाला, त्यांना ठाऊक आहे, माझा ट्रक एकच होता आणि तो मारून झालाय.

संध्याकाळी खोपटात चुलीवर मांस आणि राजमा रटरटत होता. आम्ही पाचजण. जेवणाआधी ऑर्व्हिल लाकडं आणायला बाहेर गेला तो अर्धा-पाऊण तास आलाच नाही. आला तो नाक लाल, हात लाल, काखेत दोन काटक्या. "एवढ्या वेळात रान तोडून आणलं असतं," एकजण म्हणाला.

जेवण झालं. मी ग्लास घेऊन उभा राहिलो.

"बसा रे, शेव्हीवाला भाषण करतोय," ऑर्व्हिल म्हणाला. सगळे हसले. मग तो एकटाच हसायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. खोपटात, चारचौघांत, टोपी काढलेली!

आरशासमोरचं वाक्य ओठांपर्यंत आलं. गिळलं. कसं कोण जाणे.

"ऑर्व्हिलच्या ट्रकला," मी म्हणालो आणि प्यालो.

"एवढंच?" त्यानं विचारलं.

"एवढंच."

"बरं." त्यानं टोपी घातली.

अंधारात माझी शेव्ही चालवत घरी आलो. जन्मातली सगळ्यात भारी चेष्टा, आणि ती माझ्याच पोटात राहणार! आर्डिसनं पुन्हा सोडा दिला.

रविवार, १६ नोव्हेंबर

चर्चला निघालो. उजेडात माझ्या शेव्हीसमोर आलो आणि थांबलो. जाळीवर तीन लाल अक्षरं. मोजपट्टी आणून लावली, केसाचा फरक नाही. शेव्हीचं चिन्ह सीटच्या मागं, स्वच्छ रुमालात गुंडाळलेलं. त्याच रुमालात चिठ्ठी, ऑर्व्हिलचं गिचमिड अक्षर:

"एम आधी लावायचा, गाढवा. दोरा धरून, बरोबर मध्यावर. मग जी, मग सी. नुसत्या तीन अक्षरांचा फरक — तो एकतीस वर्षं मी लावायचो."

आर्डिस गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. मी अजून मोजपट्टी हातात घेऊन उभा होतो. ती अक्षरं काढणार नाही.