निम्मी मिशी

३ मार्च, मंगळवार
लेकीने नवरा स्वतःच शोधला. मुलाचे आईवडील रविवारी चहाला येणार. बायको म्हणाली, दोन तास नॉर्मल माणसासारखे वागा. हात्तिच्या, त्यात काय! लेक फक्त 'बाबा, प्लीज' म्हणाली.

४ मार्च
विषय माझ्याच हातचा. पँटच्या कारखान्यात मीडियम साइझ मीच ठरवतो. चार जणांची मापं घ्यायची, सरासरी काढायची. आजपासून बिल्डिंगमधल्या पुरुषांचा अभ्यास.

५ मार्च
तळमजल्यावरचे वकील उगाच भडकले. आंघोळीला किती वेळ लागतो, एवढंच विचारलं होतं.
निष्कर्ष: नॉर्मल माणूस सगळ्याला 'बघू' म्हणतो. हवेबद्दल कुरकुरतो. शेजाऱ्याचा विषय निघाला की आवाज खाली करून त्याचे वाभाडे काढतो. हे शेवटचं जिन्यात कान देऊन ऐकलं. विषय मीच होतो, पण अभ्यास म्हणजे अभ्यास.

७ मार्च, सकाळ
पेच. निम्म्यांना मिशी आहे, निम्म्यांना नाही. हिशोब सरळ आहे. उजवी बाजू उडवली.
बायको मटकन खाली बसली. मग उरलेली काढा म्हणून मागे लागली. सरासरीत तडजोड नाही! बाथरूमला आतून कडी लावली.

८ मार्च, संध्याकाळ
पाहुणे दारात आल्यावर बायकोने जाहीर केलं, हे टूरवर गेलेत. आणि मी? वरच्या मजल्यावरचा शेजारी. म्हणजे परीक्षा आणखी अवघड. पण डगमगलो नाही. चार वेळा बघू म्हणालो, हवेबद्दल यथेच्छ कुरकुरलो.
निघताना मुलाच्या वडिलांनी जिन्यात गाठलं. म्हणाले, मुलीचे वडील माणूस म्हणून कसे आहेत, खरं सांगा. नॉर्मल शेजारी जे करतो तेच केलं. आवाज खाली केला. चक्रम आहे म्हणालो, घरच्यांचा जीव नकोसा केलाय. बोलता बोलता रंगत गेलो.

९ मार्च
होकार आला! फोनवर मुलाची आई बायकोला म्हणाली, तुमच्या मिस्टरांबद्दल तो वरचा नाही नाही ते बोलत होता, पण त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? बिचाऱ्यांना काय शेजार मिळालाय! एकच अट, लग्नात तो माणूस आम्हाला दिसता कामा नये.
बायकोने सांगितल्यावर मी ताडकन म्हणालो, अगदी रास्त. असल्याला कोण बोलावतं?
कोणी हसलं नाही. लेक माझ्याकडे बघून रडायला लागली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. फार वाईट वाटलं. आता तिच्या लग्नात मला टूरवरच राहावं लागणार.