मॉझरचा नवा चाप

रत्नागिरी,
११ मार्च १९८४

प्रिय आत्माराम,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुझं पत्र काल मिळालं. सरकारी दवाखान्याच्या नळावर आपल्या गावच्या धाकूचा डबा घासत होते, तिथेच उभ्याने वाचलं. वर आप्पांना नमस्कार, मध्ये मुंबईतला उकाडा, नोकरीची पुढची बोट कधी मिळते याची काळजी, आणि शेवटी ती ओळ: रायफल पोलिसांकडून सुटली की नवा चाप काढून जपून ठेव, परदेशी आहे, तसा इकडे मिळत नाही. धाकूचं नाव कुठेच नाही. मी कागद उलटून मागेही पाहिलं. मग डबा पुन्हा घासायला घेतला, आत्मा.

धाकूचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. नसलेल्या पावलाला खाज सुटते म्हणतो, आणि त्याची बायको काशी बिचारी त्याचं समाधान म्हणून तिथली गादी खाजवते. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघते. माझं सासर इथे रत्नागिरीत म्हणून रोजचा डबा तरी होतो. नाहीतर काशीने एकटीने काय केलं असतं कोण जाणे.

त्या रायफलीची मला जितकी ओळख आहे, तितकी तुला कधीच नव्हती. आई गेल्यावर पावसाळाभर ती उघडायची, पुसायची, शिवणयंत्राचं तेल लावायचं, हे काम आप्पांनी माझ्याकडे दिलं होतं. तू तेव्हा गोट्या खेळायचास. आजोबांना ती एका गोऱ्या इंजिनिअरने दिली. आफ्रिकेतल्या बोअर लढाईतून आलेली, पुढचं लाकूड कापून शिकारीसाठी हलकी केलेली. गावाला काय, जर्मन मॉझर म्हटलं की झालं. पण आप्पा मला दाखवायचे की सगळे मॉझर एका वाणाचे नसतात. नंतरच्या मॉझरचा बोल्ट वर उचलतानाच स्प्रिंग चढते. आपल्या रायफलीत बोल्ट पुढे ढकलताना, अगदी शेवटी, तळहाताला जोर लागतो. नंतरच्याला बोल्टच्या मागच्या अंगाला तिसरी खुंटी असते, आपल्याला पुढच्या दोनच. आणि चाप दोन ओढींचा. आधी सैल येतो, मग बोट अडतं, आणखी दाबलं तर बार. त्या अडण्यात माणसाला विचार करायला वेळ मिळतो, असं आप्पा म्हणायचे. तुला नेमकं ते अडणंच नको होतं.

हँबुर्गच्या दुकानातून तू तो चाप आणलास तेव्हा मी माहेरीच होते; केवढं कौतुक! शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवलास. आप्पांचा हात कापतो, त्यांना हलका चाप बरा, हे तूच त्यांच्या गळी उतरवलंस. पाकिटावर अठराशे अठ्ठ्याण्णवचा मॉझर असं छापलेलं मी वाचलं, आणि पडवीत तुला सांगितलं की बाबा रे, आपला तो नव्हे, आपला त्याच्याआधीचा. तू हसलास. अक्के, मॉझर म्हणजे मॉझर, तू चुलीवरची कुळथाची पिठी बघ, म्हणालास. चाप बसेना तेव्हा कानस घेतलीस. घासलंस, लावून पाहिलंस, पुन्हा घासलंस. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! चढलेली स्प्रिंग अडवणारा खटका नीट धरतो का ते रिकामा बोल्ट दहादा आपटून बघ, असं मी ओरडून सांगितलं. तू दोनदा हळूच ढकललास आणि झालं म्हणालास.

डुकरांनी वायंगणाचं, उन्हाळी, भात लोळवलं होतं, म्हणून सगळा गाव रान हाकायला निघाला. पहिल्या हाकाऱ्याला आप्पांनी एक डुक्कर पाडलं. दुसऱ्याच्या वेळी त्यांनी गोळी भरून बोल्ट पुढे ढकलला आणि बार झाला. त्यांचं बोट चापावर नव्हतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि पुन्हा विचारायचं नाही म्हणून बजावलं. तू त्यांच्या शेजारीच होतास. तुझ्या घासलेल्या खटक्याने धरलं नाही, आणि झाडीतून डुकरं हाकारत वर येणाऱ्या धाकूच्या पायात गोळी गेली.

त्यानंतरचं जे आहे ना, त्याची मला जास्त शिसारी येते. चौघे जण धाकूला डोलीत घालून रस्त्याकडे धावले, आणि उरलेले डुकराचे केस भाजायला बसले. वाटे पडले. हाकाऱ्यांचे वाटे, कुत्र्यांचे वाटे, बंदुकीचा वेगळा वाटा, सगळं रीतीप्रमाणे. बंदुकीचा वाटा सागाच्या पानात बांधून आपल्या ओट्यावर आला. धाकूचाही काशीच्या दारात नेऊन ठेवला. तो कुत्र्यांनी खाल्ला. कुत्र्यांचं मी समजू शकते. तू मात्र पाटावर बसून वाढून घेतलंस, मीठ कमी आहे म्हणालास, आणि संध्याकाळच्या एसटीने मुंबई गाठलीस. त्या दिवसापासून मला मटणाचा वास सहन होत नाही.

आप्पांनी फौजदारांना सांगितलंय की चाप मीच मागवला, मीच घासला, बोटही माझंच. पोरावर केस झाली तर त्याला पुन्हा बोट मिळायची नाही, ही त्यांची एकच धास्ती. हे सांगताना त्यांना सदऱ्याचं बटण लावता येत नव्हतं. फौजदार त्या हातांकडे बघत राहिले. असल्या हातांनी कानस चालवली म्हणे! तरी आप्पांचा हेका सुटत नाही. आणि धाकू? त्याला वाटतंय की आप्पांचंच बोट चुकलं. तरी मला म्हणतो, पाय गेला तो गेला गो अक्का, आप्पानला जेलात जाव देव नको. दोन म्हातारे एकमेकांना वाचवायला धडपडतायत, आणि मध्ये तू, बोटीची वाट बघत बसलेला. तुझी मला किळस येते. हे शब्द सख्ख्या भावासाठी लिहावे लागतील असं कधी वाटलं नव्हतं, पण लिहिल्यावर खोडावेसेही वाटत नाहीत.

आज सकाळी मी फौजदारांकडे गेले. पडवीत काय पाहिलं, कोणी घासलं, कोणाला मी दोनदा सांगितलं, सगळं जबाबात दिलं आणि खाली सही केली. तू राहतोस त्या मुंबईतल्या गावकीच्या खोलीचा पत्ताही दिला. आप्पांना ठाऊक नाही. कळल्यावर ते माझं तोंड पाहणार नाहीत, ते मी धरून चालले आहे. पोलीस परवा निघतील. म्हणून हे पत्र मी टपालात न टाकता आज रात्रीच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे. त्यांच्याआधी ते तुला मिळालं पाहिजे. तू पळावंस म्हणून नव्हे. बेड्या घालून आणलेला भाऊ मला धाकूच्या खाटेशी उभा करायचा नाही. तू आपण होऊन ये, स्वतःच्या पायांनी चालत ये. तुला ते अजून जमतं.

काही झालं तरी,
तुझीच,
अक्का